खंडूला न्या, दांडेली सोडा

गोव्यातल्या डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते:

"आमचा खंडू लॅब्रडॉर आहे, जानेवारीत बारा पूर्ण होतील. मुलगा पुण्यात शिकतो, डिसेंबरात सुट्टीवर येणार आहे. खंडू म्हणजे त्याचा जीव. सगळ्यांनी मिळून गाडीने मोलेचं राष्ट्रीय उद्यान, दूधसागर, तांबडी सुर्ला बघायचं आणि मग अनमोड घाट चढून दांडेलीला दोन रात्री राहायचं, असा बेत आहे. मुलाचं आणि माझं म्हणणं, खंडूलाही न्यावं, कदाचित ही त्याची शेवटचीच सहल असेल. मिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या जिवाला कशाला फरफटवायचं, बोर्डिंगमध्ये ठेवू. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्याही येणार. खंडूचे मागचे पाय अलीकडे जड झालेत, बाकी खाणंपिणं ठीक. काय करावं?"

ताई, खंडूला न्या. मात्र आता आखलाय त्या बेतावर नेऊ नका. तुमच्या मिस्टरांचं "फरफटवायचं" हे म्हणणं खंडूपेक्षा या बेताला जास्त लागू पडतं. तीन-चार दिवसांत गोवा आणि कर्नाटक अशी दोन राज्यं, एक घाट, रोज नवी जागा, आणि बघायच्या ज्या जागा आहेत त्यांतल्या जवळजवळ एकाही ठिकाणी कुत्र्याला प्रवेश नाही. दांडेलीला लोक जातात ते काळी नदीतल्या राफ्टिंगसाठी आणि जंगल सफारीसाठी. दोन्हीकडे खंडू बाहेर राहणार, म्हणजे दिवसभर अनोळखी खोलीत कोंडून. नदीकाठी फिरवू म्हणाल, तर काळी नदीत मगरी आहेत आणि लॅब्रडॉरला पाण्यापासून लांब ठेवणं किती अवघड असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मोलेपासून पुढे तो सत्तरेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आणखी. दांडेली या खेपेला सोडाच. मुलगा पुण्याचे मित्र घेऊन कधीही जाईल.

त्याऐवजी एकच मुक्काम धरा. साकोर्डा, मोले, तांबडी सुर्ला या पट्ट्यात जंगलाच्या हद्दीबाहेर बागायतीतले होमस्टे आहेत. तिथे दोन रात्री राहा आणि तिथूनच ज्याला जे बघायचंय ते आळीपाळीने बघून या. डिचोलीहून उसगाव-तिस्क, धारबांदोडा करत रमतगमत गेलात तरी सकाळ संपायच्या आत पोचाल. खंडूला खिडकीतून वारा मिळेल, नव्या मातीचा वास मिळेल आणि मुलगा दोन दिवस हाताशी मिळेल. बारा वर्षांच्या कुत्र्याला एवढ्यात सगळं येतं.

आता जंगलाचं बोलते, कारण बरेच लोक इथे वाद घालतात. मोलेचं भगवान महावीर अभयारण्य एकूण २४० चौरस किलोमीटरचं, त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत जायला माणसालाही परवानगी लागते, पाळीव कुत्र्याचा तर प्रश्नच येत नाही. "आमचा कुत्रा अगदी गरीब आहे, साखळीला बांधलेला राहील" असं नाक्यावर सांगून उपयोग नाही, आणि उपयोग व्हायलाही नको. कुत्रा कोणाला चावेल म्हणून ही बंदी नाही. कुत्र्याच्या अंगावरून, लघवी-विष्ठेतून रोग जंगलात जातात. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा रोग सापडला. घरच्या कुत्र्याला आपण ज्याची लस टोचून आणतो, तोच हा रोग. मोलेच्या रानात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत. ते खंडूचेच भाऊबंद आणि त्यांना लस कोणी टोचलेली नाही.

दुसरी बाजू खंडूची. गावाच्या कडेने फिरणाऱ्या बिबट्याला कुत्रा हे नेहमीचं, सोपं भक्ष्य आहे. तरुण कुत्रा निदान वास घेऊन सावध होतो, पळतो. मागचे पाय जड झालेला, कदाचित कानाने मंद झालेला बारा वर्षांचा कुत्रा काय करणार? म्हणून होमस्टेला फोन कराल तेव्हा "कुत्रा चालेल का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. त्याला उत्तर नेहमी "चालेल की!" असंच येतं, आणि पोचल्यावर कळतं की चालेल म्हणजे बाहेर पडवीत बांधून. सरळ विचारा, "कुत्रा रात्री आमच्या खोलीत झोपेल, चालेल का?" नाही म्हणाले तर दुसरी जागा बघा. यात तडजोड नको. रात्री लघवीला बाहेर काढायचं झालं तर दोघांनी जा, हातात टॉर्च, पट्टा आखूड धरलेला, अंगणातल्या दिव्याच्या उजेडापलीकडे पाऊल नाही.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. खोली तळमजल्यावर आहे का, कारण जिने हा आता खंडूचाही शत्रू आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचाही. फरशी कशी आहे? गुळगुळीत टाईल्सवर कमजोर मागचे पाय फाकतात, कुत्रा घाबरतो आणि मग उठायचंच टाळतो. अशी फरशी असेल तर घरून दोन-तीन रबरी पायपुसणी न्या, अंथरुणापासून दारापर्यंत वाट करून द्या. आणि घरमालकाचे स्वतःचे कुत्रे मोकळे असतात का? आपल्या गावांत ते असतातच, आणि ते आपली हद्द राखणार हे उघड आहे. तुम्ही आत शिराल तेवढा वेळ त्यांना बांधायला सांगा. चांगला माणूस असेल तर याचं कोणाला वाईट वाटत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी डॉक्टर. निघायच्या तीन आठवडे आधी खंडूला दाखवा आणि नुसतं "प्रवासाला नेतोय, गोळी द्या" म्हणू नका. मागचे पाय जड झालेत म्हणता, पण "जड" म्हणजे काय ते आठवडाभर नीट बघून डॉक्टरांना सांगा. सकाळी उठताना आखडतो आणि चार पावलं चालल्यावर मोकळा होतो? मग सांध्यांचं दुखणं असायची शक्यता जास्त, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. की चालताना मागची नखं रस्त्यावर घासल्याचा खरखर आवाज येतो? पंजे हातात घेऊन मधल्या दोन नखांचा वरचा भाग बघा. तिथे झिजून सपाट झालं असेल तर पाय पुरता उचललाच जात नाही, आणि ते नुसत्या सांध्यांचं दुखणं नाही, नसांचंही असू शकतं. दोन्हीचे उपाय वेगळे, आणि किती चालवायचं त्याचं गणितही वेगळं.

त्याबरोबरच त्याचं भुंकणं ऐका. लॅब्रडॉर म्हातारे झाले की पुष्कळांच्या घशातल्या स्वरयंत्राच्या झडपा श्वास घेताना नीट उघडेनाशा होतात. भुंकणं घोगरं होतं, पाणी पिताना ठसका लागतो, धापेला घरघर येते. आणि हे दुखणं मागच्या पायांच्या कमजोरीच्या जोडीनेच येतं, म्हणून मुद्दाम सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापेवरच अंग थंड करतो. ती वाटच अरुंद झाली तर साध्या उकाड्यातही जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे हवेत दमटपणा असल्यामुळे धापेचा उपयोग आधीच कमी होतो. खंडूचा आवाज बदलला असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. आणि ते "नको" म्हणाले तर नको.

रात्री तो गाढ झोपला की मिनिटभर घड्याळ लावून छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. दोन-तीन रात्री तीसच्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुसं तपासून घ्यावी लागतील. रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत बघून घ्या, कारण सांध्यांच्या वेदनाशामक गोळ्या चालू करायच्या तर ते दोन्ही शाबूत असावे लागतात. आणि ही गोळी निघायच्या दिवशी पहिल्यांदा द्यायची नाही, आधी घरी देऊन बघायची, पोटाला मानवते का ते. घरातली माणसांची गोळी तर अजिबात नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात. "अर्धीच दिली होती" असं सांगत दवाखान्यात येणारे लोक काही कमी नसतात.

लसी बाकी असतील तर याच भेटीत उरका म्हणजे अंगात मुरायला वेळ मिळतो. कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवा.

आणि गोचीड. याला मी सगळ्यात जास्त जपायला सांगेन. गोचीडतापाने आपल्याकडे किती कुत्री जातात हे कुत्रं पाळलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला याच्या जोडीला माणसांचाही धोका आहे. माकडताप, जो १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, तो गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या सत्तरी तालुक्यात आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आला. तुम्ही डिचोलीच्या, तुम्ही तो जवळून ऐकलाच असेल. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो, आणि त्याचा हंगाम पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे तुमची सहल त्यातच येते. खंडू झुडपात शिरला, अंगावर गोचिडी घेऊन आला आणि मुलाच्या अंथरुणात झोपला, असं व्हायला नको. डॉक्टरांकडून गोचिडीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घेऊन निघायच्या चार-पाच दिवस आधी खंडूला द्या. खंडूला कधी फिट आली असेल तर तसं सांगा, त्यातल्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना देत नाहीत. फिरवायचं ते मळलेल्या वाटेवर, अंगणात, रस्त्याकडेला. पाचोळ्यात आणि उंच गवतात नाही. रोज संध्याकाळी उजेडात अंग चाचपा: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या बुडाशी, पट्ट्याखाली. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. हे काम मुलाला द्या, तो आनंदाने करेल. माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आता गाडी. खंडूला उडी मारून चढू देऊ नका, आणि उतरताना तर मुळीच नको, उतरताना सगळा भार पुढच्या सांध्यांवर येतो. घरी जुनी रुंद फळी असेल तर तिच्यावर पायपुसणं ठोकून उतरण करा आणि पंधरा दिवस आधीपासून अंगणात गाडी उभी करून तिच्यावरून चढायची सवय लावा, वर बिस्किट ठेवून. फळी जमली नाही तर एक मोठा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार उचलायचा, पुढून तो आपण होऊन चढतो. हा टॉवेल सहलभर खांद्यावरच ठेवा.

बसायची व्यवस्था मी अशी करेन: सासूबाई पुढे, मागे एका खिडकीशी तुम्ही, मध्ये मुलगा आणि दुसऱ्या बाजूला खंडू. सीटच्या पुढचा खळगा वळकट्यांनी भरून सपाट करा, वर रबरी मॅट आणि तिच्यावर त्याचीच रोजची गोधडी, न धुता. घाटातल्या प्रत्येक वळणाला कुत्रा चारी पायांनी तोल सावरत असतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी जे आखडतं ते पुष्कळदा चालण्याने नसतं, गाडीत सावरून सावरून दमल्याने असतं. आडवा पडता येईल एवढी जागा आणि खाली न घसरणारं अंथरूण, हे दोन जमले तर निम्मी लढाई जिंकलात. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, छातीवरचा हार्नेस घ्या आणि तो सीट बेल्टला अडकवा. खिडकी चार बोटं उघडी चालेल, डोकं बाहेर काढायला नको, आणि जिथे माकडं रस्त्याकडेला बसलेली असतात तिथे काच पूर्ण बंद. माकडांना खायला टाकू नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण त्या रस्त्यावर रोज टाकणारे दिसतात म्हणून लिहिते.

निघायच्या आधी चार तास थोडीशी पेज आणि उकडलेलं चिकन, एवढंच. पोटभर जेवण पोचल्यावर. पूर्वी गाडीत ओकत असेल तर डॉक्टर त्यासाठी कुत्र्याची गोळी देतात. दर दीड-दोन तासांनी थांबा, पाणी थोडं थोडं पाजा. घरचंच पाणी न्या, कॅनभर. अनोळखी झऱ्यांचं, शेतात साठलेलं पाणी लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या, भीतीने टाळलेलं बरं.

अनमोड घाट बघायची हौस असेल तर एका सकाळी लवकर वर जाऊन परत या. खंडूला घेऊनही जाता येईल, रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. पण तो अभयारण्यातून जातो, तेव्हा मध्येच कडेला थांबून "जरा पाय मोकळे करू" म्हणत कुत्र्याला खाली उतरवायचं नाही. वर गाव लागलं की उतरवा. पावसाळ्यात या घाटात रस्ता खचण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वाहतूक कशी आहे ते विचारून घ्या. मोबाईलची रेंज मध्ये मध्ये जाते. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दृष्टीने खाली फोंडा आणि वर थेट बेळगाव धरून चाला. दोन्हीकडच्या एकेका दवाखान्याचा नंबर आणि वेळा कागदावर लिहून ठेवा.

दूधसागर. कुळ्याहून जीप जाते, नदीचे पात्र ओलांडत, रानातल्या खडबडीत रस्त्याने, आणि जाऊन यायला निम्मा दिवस सहज मोडतो. धबधबा ३१० मीटरचा, डिसेंबरात पाणी अजून चांगलं असतं. तुम्ही आणि मिस्टर जा. मुलाला खंडूजवळ राहू दे, असं माझं मत आहे. तो म्हणेल मलाही बघायचंय. त्याला दूधसागर पुढच्या वर्षीही आहे. सासूबाई राहतील की कुत्र्याजवळ, असं परस्पर ठरवू नका. तीस किलोचा कुत्रा उठवायची वेळ आली तर ७४ व्या वर्षी ते त्यांच्याने व्हायचं नाही, आणि त्याही सहलीलाच आल्या आहेत. त्यांना तांबडी सुर्ल्याला न्या, तिथे जीप नाही, खडतर वाट नाही, थोडंसं चालून नदीकाठचं ते कदंबकालीन काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ समोर येतं. सकाळी गर्दीच्या आधी गेलात तर निवांत बसताही येईल त्यांना. खंडूला तिथेही आवारात नेता येणार नाही. त्याला होमस्टेत कोणाबरोबर तरी ठेवूनच जा. गाडीत ठेवून, काच खाली करून, "पाच मिनिटांत येतो" हे कधीच नको. बाहेर तीस अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत चाळीसच्या घरात जाते, आणि काच थोडी खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

फिरणं सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी अंधाराच्या आधी, दहा-पंधरा मिनिटं. घरी चालतो त्यापेक्षा जास्त नाही. नव्या जागेच्या उत्साहात तो जास्त चालायला बघेल, ओढून नेईल, आणि रात्री कण्हेल. थांबला, बसला, मागे वळून बघायला लागला की परत फिरा. डिसेंबरात आतल्या भागात पहाटे चांगली थंडी असते, तेव्हा उठल्याबरोबर बाहेर काढू नका, आधी मांड्या आणि कंबर हाताने हळू चोळा. नदीत पोहायला सोडू नका. शेवाळलेल्या दगडावर एकदा मागचा पाय सरकला की सगळी सहल त्या पायाभोवती फिरते. गुडघाभर संथ पाण्यात, हार्नेस धरून, भर दुपारी पाच मिनिटं उभं करायला माझी हरकत नाही. त्याला त्यात केवढं सुख आहे!

धाप थांबेना, हिरड्या गडद लाल किंवा उलट पांढऱ्या पडल्या, तोंडाला चिकट लाळ आली, पाय लडबडले, तर उष्माघात समजा. सावलीत घ्या, साधं पाणी अंगभर, पोटावर, मांड्यांत ओता, वारा घाला, मग एसी लावून दवाखाना गाठा. आधी गार करायचं, मग न्यायचं. बर्फ नको. साप चावल्यासारखं वाटलं तर चीर देणं, बांधणं, चोखणं यातलं काही करू नका. चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा.

तारखांचं एक. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा टाळा. रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेले, होमस्टे गजबजलेले आणि नव्या वर्षाच्या रात्री फटाके. मुलाची सुट्टी परवानगी देत असेल तर डिसेंबरच्या मध्यावरचे सोमवार-मंगळवार-बुधवार घ्या. आणि या दिवसांत कोणी प्रेमाने फळांचा केक खंडूपुढे धरला तर अडवा. मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि चॉकलेटही कुत्र्याला विषारीच. खाल्लं असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

बोर्डिंगबद्दल मिस्टरांना माझ्या वतीने सांगा: खंडूला ठेवायचंच झालं तर बोर्डिंग हा शेवटचा पर्याय धरा. म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री जाग येते, कुठे आहोत ते उमगत नाही, तो येरझाऱ्या घालतो. अनोळखी पिंजऱ्यात, शेजारी भुंकणाऱ्या दहा कुत्र्यांत त्याची काय गत होईल? त्यापेक्षा ज्याला तो ओळखतो असा माणूस तुमच्या घरी येऊन झोपलेला बरा.

"शेवटची सहल" हे तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमची माया कळते, ताई. पण ही सहल शेवटची म्हणून तिच्यात सगळं कोंबायचा मोह होतो, धबधबा, देऊळ, घाट, नदी, फोटो, आणि ओझं पडतं ते त्याच्या पायांवर. खंडूला यातलं काही ठाऊक नाही. त्याला मुलगा आलाय एवढंच ठाऊक आहे. दांडेली गाळलीत म्हणून त्याचं काही कमी होणार नाही.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी एक चाचणी घ्या. मुलगा आला की पहिल्याच रविवारी सकाळी लवकर साखळी, केरी करत चोर्ला घाट चढा, वर चहा घ्या, खंडूला दहा मिनिटं फिरवा आणि जेवायला घरी या. तुम्हाला तो रस्ता घरचाच. फळीवरून चढला-उतरला का, वळणांवर आडवा पडून राहिला की सारखा उठत होता, ओकला का, घरी आल्यावर किती वेळ धापत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना नेहमीपेक्षा जास्त आखडला का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोनवर सांगा. ठीक गेलं तर होमस्टेला आगाऊ पैसे पाठवा. नाही गेलं तर मुलाने आणि खंडूने घरी राहायचं, तुम्ही तिघांनी दोन दिवस मोलेला जाऊन यायचं, आणि परतल्यावर मुलाला एकट्याला दूधसागर बघून यायला मोकळं सोडायचं.